टॉवर, मीटर आणि मधली हवा

मोबाइल टॉवरमधून निघणाऱ्या ९०० मेगाहर्ट्झच्या लहरींना भारत सरकारने घालून दिलेली मर्यादा आहे ०.४५ वॅट प्रति चौरस मीटर. हीच मर्यादा ४५ मायक्रोवॅट प्रति चौरस सेंटिमीटर अशी लिहिता येते, ४,५०,००० मायक्रोवॅट प्रति चौरस मीटर अशी लिहिता येते आणि सुमारे १३ व्होल्ट प्रति मीटर अशीही. चारही आकडे एकाच गोष्टीचे. पण सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत कोणी हातातला छोटा मीटर उंचावून ‘आमच्या बाल्कनीत तीन हजार दाखवतोय’ म्हटले की सभा चिडीचूप होते. मीटरवरचे ते तीन हजार मायक्रोवॅट प्रति चौरस मीटर असतील, तर मर्यादेच्या एक टक्काही भरत नाहीत. हे सांगणारा सभेत सहसा नसतो, आणि असलाच तर तो टॉवर कंपनीचा माणूस असावा असा संशय येतो.

टॉवरच्या वादात दोन्ही बाजू आकडे फेकतात. आकडा कुठे घेतला, कशाने घेतला, किती वेळ घेतला आणि कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून घेतला, हे मात्र क्वचितच विचारले जाते. शहरातल्या रेडिओ लहरींच्या मोजमापाचा इतिहास मोबाइलहून जुना आहे, आणि तो पाहिला की अर्ध्याहून अधिक भांडण मोजणीच्या पद्धतीचे आहे हे लक्षात येते.

१९७०च्या दशकात अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने एका व्हॅनवर अँटेना बसवून १५ शहरांतल्या ४८६ ठिकाणी एफएम आणि दूरचित्रवाणीच्या लहरी मोजल्या. रिचर्ड टेल आणि एडविन मँटिप्ली यांनी १९८० मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. निम्म्या लोकसंख्येच्या वाट्याला ०.००५ मायक्रोवॅट प्रति चौरस सेंटिमीटरपेक्षा कमी लहरी येत होत्या. सुमारे एक टक्का लोक मात्र एक मायक्रोवॅटच्या वर होते. मधल्या माणसाच्या आणि त्या एक टक्क्याच्या मात्रेत दोनशे पटींचा फरक होता. तेव्हापासून जगभर झालेल्या जवळपास प्रत्येक पाहणीत हेच चित्र दिसते. शहराची सरासरी अगदी कमी असते आणि काही मोजक्या गच्च्या, काही मोजक्या टेकड्या त्या सरासरीच्या कितीतरी वर असतात. त्यामुळे सरासरी सांगणारा खोटा नसतो, आणि ‘आमच्याकडे जास्त आहे’ म्हणणाराही खोटा असेलच असे नाही.

मर्यादा ठरल्या त्या उष्णतेच्या हिशेबाने. शरीराच्या दर किलोमागे सुमारे ४ वॅट ऊर्जा शोषली गेली की अंगाचे तापमान अंदाजे एक अंशाने वाढते. ‘इक्निर्प’ या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९९८ मध्ये सामान्य नागरिकांसाठी त्याचा पन्नासावा भाग, म्हणजे ०.०८ वॅट, ही सीमा धरली आणि त्यावरून हवेतल्या लहरींच्या मर्यादा काढल्या. भारताने २००८ मध्ये त्या स्वीकारल्या. पुढे २०१० मध्ये आंतरमंत्रालयीन समिती नेमली गेली आणि १ सप्टेंबर २०१२ पासून मोबाइल टॉवरसाठीची मर्यादा इक्निर्पच्या एक दशांश करण्यात आली. १८०० मेगाहर्ट्झला ०.९ वॅट, २००० मेगाहर्ट्झच्या वर १ वॅट प्रति चौरस मीटर. हा दशांश खबरदारीचा आहे. उष्णतेच्या हिशेबातून तो निघत नाही. शिवाय तो शक्तीचा दशांश आहे. व्होल्ट प्रति मीटरमध्ये मोजले तर मर्यादा साधारण एक तृतीयांशच होते, कारण लहरीची शक्ती विद्युतक्षेत्राच्या वर्गाप्रमाणे बदलते. इटलीची सहा व्होल्टची जुनी मर्यादा आणि भारताची तेरा व्होल्टची यांची तुलना करताना हे विसरले की गोंधळ होतो. तेरा हा सहाच्या दुप्पट दिसतो, पण शक्तीच्या भाषेत तो जवळपास पाचपट आहे.

आता मीटर. व्यावसायिक मोजणीत काठीच्या टोकाला गोळ्यासारखा प्रोब असतो. त्यात एकमेकींना काटकोनात बसवलेल्या तीन लहान अँटेना असतात, म्हणजे लहर कोणत्याही दिशेने आली तरी ती पकडली जाते. हा रुंदपट्टी मीटर सगळ्या लहरींची बेरीज सांगतो, पण कोणाच्या किती ते सांगत नाही. त्यासाठी वारंवारतेनुसार वाटणी करणारे महागडे उपकरण लागते. एफएमची इतकी, ९००ची इतकी, १८००ची इतकी असे सुटे आकडे मिळाले, की प्रत्येकाला त्याच्या मर्यादेने भागून ते भागाकार एकत्र करायचे. बेरीज एकच्या आत आली तर जागा नियमात बसली. चांगल्यातल्या चांगल्या रुंदपट्टी मीटरलाही तीन-चार डेसिबलची अनिश्चितता असते. म्हणजे खरा आकडा दाखवलेल्याच्या दुप्पट असू शकतो किंवा निम्मा.

जागेचा खेळ तर याहून खट्याळ. भिंती, गाड्या, पाण्याच्या टाक्या यांवरून परतलेल्या लहरी मूळ लहरींत मिसळतात आणि कुठे एकमेकींना बळ देतात, कुठे मारतात. ९०० मेगाहर्ट्झची तरंगलांबी ३३ सेंटिमीटर, त्यामुळे वीतभर सरकले तरी वाचन कित्येक पटींनी बदलू शकते. म्हणून युरोपातल्या प्रचलित पद्धतीत एकाच जागी जमिनीपासून १.१, १.५ आणि १.७ मीटर उंचीवर वाचने घेऊन त्यांची सरासरी काढतात. मीटर धरणाऱ्याचे शरीरही लहरी शोषते आणि परतवते. म्हणून लाकडी किंवा प्लॅस्टिकची तिवई वापरतात आणि मोजणारा बाजूला उभा राहतो. ऑनलाइन मिळणारे स्वस्त मीटर बहुधा एका क्षणाचे शिखर दाखवतात. नियम मात्र सरासरीवर बांधलेले आहेत, पूर्वी सहा मिनिटांच्या आणि इक्निर्पच्या २०२०च्या सुधारणेनंतर संपूर्ण शरीरासाठी तीस मिनिटांच्या. त्यातून खिशातला फोन चालू ठेवून मोजणारे आहेतच. अशा वेळी मीटर टॉवरबद्दल काही सांगत नाही, खिशाबद्दल सांगतो.

टॉवरच्या अगदी पायथ्याशी उभे राहून मोजले तर बहुतेक वेळा फार कमी आकडा येतो. दिव्याखाली अंधार असतो तसेच हे. मोबाइलची पट्टीसारखी उभी अँटेना लहरी आडव्या, चपट्या झोतात फेकते. झोताची उभी रुंदी जेमतेम सहा-सात अंश, आणि तो किंचित खाली झुकवलेला असतो. २० वॅटचा प्रक्षेपक आणि पन्नासपट एकाग्रता देणारी अँटेना असेल तर झोताच्या मध्यभागी १,००० वॅट सगळीकडे पसरवल्यासारखा परिणाम दिसतो. त्या रेषेत पन्नास मीटरवर हा आकडा सुमारे ०.०३ वॅट प्रति चौरस मीटर येतो, ९००च्या मर्यादेच्या सात टक्के. झोताबाहेर, खालच्या रस्त्यावर तो आणखी शंभरपट कमी असू शकतो. एका खांबावर चार कंपन्यांच्या डझनभर अँटेना असल्या तर बेरीज वाढते. म्हणूनच दूरसंचार विभागाच्या नियमात समोरच्या, त्याच उंचीच्या इमारतीचे अंतर ठरवले आहे: एका अँटेनासाठी २० मीटर, दोन असतील तर ३५, आणि पुढे वाढत जाणारे. आपल्या गच्चीवरच्या टॉवरला घाबरावे की समोरच्या इमारतीवरच्या, याचे उत्तर या भूमितीत आहे. भाडे मात्र आपल्या गच्चीवरच्याचे मिळते, त्यामुळे सोसायट्यांमध्ये समोरच्या टॉवरविरुद्ध तक्रार आणि स्वतःच्या टॉवरबद्दल मौन हा प्रकार दिसतो. त्यामागे भौतिकशास्त्र असेलच असे नाही.

मुंबईत हा विषय पेटला तो २०१०च्या सुमारास. कारमायकेल रोडवरच्या एका उंच इमारतीत कर्करोगाचे अनेक रुग्ण निघाले आणि समोरच्या इमारतीवर मोबाइल अँटेना आहेत, अशा बातम्या आल्या. त्याच डिसेंबरात आयआयटी मुंबईचे प्राध्यापक गिरीश कुमार यांनी टॉवरच्या धोक्यांविषयीचा अहवाल दूरसंचार विभागाला सादर केला. मलबार हिलला राहणाऱ्या अभिनेत्री जुही चावला यांनी आपल्या घरासमोरच्या अँटेनांविरुद्ध आवाज उठवला. पुढे २०२१ मध्ये त्यांचा फाइव्ह-जी विरोधातला दावा दिल्ली उच्च न्यायालयाने दंडासह फेटाळला. न्यायालये एका सुरात बोललेली नाहीत. राजस्थान उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१२ मध्ये शाळा-रुग्णालयांजवळचे टॉवर हटवायला सांगितले. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्वाल्हेरमधल्या एका कर्करोगग्रस्त घरकामगाराच्या अर्जावरून शेजारचा टॉवर बंद करण्याचा आदेश दिला.

एका इमारतीतल्या रुग्णांवरून कारण काढणे अवघडच. मुंबईत हजारो उंच इमारती आहेत. कर्करोग इतका सर्रास आजार आहे की त्यांतल्या काहींमध्ये निव्वळ योगायोगानेही रुग्ण जास्त निघणारच. रुग्ण आधी दिसले आणि मग टॉवर शोधला, तर टॉवर सापडतोच, कारण तो सगळीकडे आहे. या शंकेचे निरसन होण्यासाठी लागतात त्या जागी वर्षानुवर्षे घेतलेली वाचने. ती मुंबईतही नव्हती आणि ग्वाल्हेरमध्येही.

भारतातली सरकारी मोजणी आहे ती नियमपालनाची. कंपनीने प्रत्येक टॉवरचे स्वयंप्रमाणपत्र द्यायचे, आणि दूरसंचार विभागाच्या क्षेत्रीय कार्यालयांनी दरवर्षी दहा टक्के टॉवर स्वतः तपासायचे. नियमभंगाचा दंड आधी पाच लाख होता, नोव्हेंबर २०१३ पासून तो दहा लाख झाला. मे २०१७ मध्ये ‘तरंग संचार’ हे संकेतस्थळ सुरू झाले; नकाशावरचा टॉवर निवडून तो नियमात आहे की नाही ते पाहता येते, आणि ४,००० रुपये भरून नागरिकाला आपल्या जागी मोजणी मागवता येते. सोय चांगली आहे. पण ‘नियमात आहे’ हे एका अक्षरात संपणारे उत्तर आहे, आणि नागरिकाला हवा असतो आकडा: किती, कोणत्या तासाला, गेल्या वर्षीपेक्षा वाढला की घटला. फ्रान्समध्ये २०१४ पासून कोणीही घरातली मोजणी फुकट मागवू शकतो. खर्च कंपन्यांकडून वसूल केलेल्या निधीतून होतो आणि निकाल सरकारी नकाशावर जाहीर होतो. ग्रीसने शेकडो कायमस्वरूपी केंद्रे उभारून रात्रंदिवस वाचने घेतली आहेत. एक दशांश मर्यादेचा अभिमान आपल्याकडे भाषणांतून वारंवार मिरवला जातो. मर्यादा कडक करायला कागद पुरतो. मोजत राहायला माणसे लागतात.

या सगळ्या गदारोळात एक जुना, दणकट शेजारी नजरेआड राहतो. तो म्हणजे प्रसारणाचा मनोरा. वरळीचा दूरदर्शनचा मनोरा, सिंहगडावरून पुण्यावर नजर ठेवणारा मनोरा, मालाडच्या मालवणी भागातले आकाशवाणीचे मध्यम लहरींचे केंद्र ही ठिकाणे मोबाइल येण्याच्या आधीपासून लहरी फेकत आली. मोबाइलची अँटेना दहा-वीस वॅटची. प्रसारणाचा प्रक्षेपक किलोवॅटमध्ये बोलतो. आणि शंभर मेगाहर्ट्झच्या आसपास माणसाचे शरीर स्वतःच बऱ्यापैकी अँटेना बनते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीपत्रकानुसार, बाहेरची तीव्रता सारखी असताना शरीर एफएम आणि दूरचित्रवाणीच्या लहरी मोबाइल टॉवरच्या लहरींपेक्षा पाचपटीपर्यंत जास्त शोषते. इक्निर्पच्या १९९८च्या नियमांतली सर्वांत कडक मर्यादा, २ वॅट प्रति चौरस मीटर, १० ते ४०० मेगाहर्ट्झ याच पट्ट्यात होती, ती याच कारणाने. आपल्याकडचा दशांशाचा नियम मात्र लिहिला गेला मोबाइल टॉवरसाठी.

मध्यम लहरींच्या केंद्राजवळ तर मोजण्याची रीतच बदलते. ५५८ किलोहर्ट्झची लहर ५३७ मीटर लांब असते. केंद्राच्या आसपासची वस्ती त्यामुळे अँटेनाच्या निकटक्षेत्रात येते. तिथे विद्युतक्षेत्र मोजून चुंबकीय क्षेत्र गणिताने काढता येत नाही, दोन्ही वेगवेगळी मोजावी लागतात. शिवाय लांब धातूच्या वस्तूंमध्ये प्रवाह उभा राहतो. अशा केंद्राजवळ बांधकामाची क्रेन उभी केली तर तिचा हूक हाताळणाऱ्याला चटका बसू शकतो. हवेतले वाचन मर्यादेत असूनही!

प्रसारण केंद्रावरून झालेल्या भांडणांत सर्वांत गाजले ते रोमजवळच्या सांता मारिया दि गालेरिया इथले व्हॅटिकन रेडिओचे. १९५७ मध्ये सुरू झालेले हे केंद्र करारानुसार इटलीच्या अधिकारक्षेत्राबाहेर. आजूबाजूच्या रहिवाशांची तक्रार अशी की घरातल्या दारफोनमधून प्रार्थना ऐकू येतात. इटलीने १९९८ मध्ये राहत्या जागांसाठी सहा व्होल्टची मर्यादा आणली आणि मोजणी केली तर ती ओलांडलेली निघाली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा किलोमीटरच्या आत मुलांमधल्या रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण अपेक्षेच्या २.२ पट आढळले, पण रुग्ण मोजकेच, त्यामुळे अनिश्चितता मोठी. २००५ मध्ये एक कार्डिनल आणि रेडिओचे संचालक असलेले एक फादर यांना प्रत्येकी दहा दिवसांची स्थगित शिक्षा झाली. वरच्या न्यायालयात ती टिकली नाही. केंद्राने मधल्या काळात आपले प्रसारण कमी केले. आजाराचा निकाल कधीच लागला नाही, मोजणीचा मात्र लागला. इटलीनेही २०२४ मध्ये आपली सहाची मर्यादा पंधरावर नेली.

इतर ठिकाणीही असेच घडले. १९९६ मध्ये उत्तर सिडनीतल्या दूरचित्रवाणी मनोऱ्यांजवळ मुलांमध्ये रक्ताचा कर्करोग जास्त दिसला. फेरतपासणीत ती वाढ मुख्यतः एकाच पालिका क्षेत्रातून आल्याचे निघाले. १९९७ मध्ये इंग्लंडमधल्या सटन कोल्डफील्ड मनोऱ्याच्या दोन किलोमीटरच्या आत प्रौढांमध्ये वाढ आढळली. संशोधकांचा तोच संघ देशातल्या वीस मनोऱ्यांकडे वळला तेव्हा तिला तसा दुजोरा मिळाला नाही. या अभ्यासांची लंगडी बाजू एकच होती, लहरींच्या जागी अंतर मोजले गेले. मनोऱ्यापासून किती दूर राहतो यावरून किती लहरी मिळतात हे धड कळत नाही. मध्ये टेकडी आहे का, घर झोतात आहे का, खिडकी कोणत्या बाजूला आहे, यावर सगळे ठरते. २०१० मध्ये ब्रिटनमध्ये १,३९७ कर्करोगग्रस्त बालकांचा अभ्यास झाला. जन्माच्या वेळच्या पत्त्यावर मोबाइल टॉवरची किती शक्ती पोहोचत होती याचे गणित मांडून पाहिले, तेव्हा संबंध दिसला नाही.

उंदरांवरच्या प्रयोगांत मात्र इटलीच्या रमाझिनी संस्थेने २०१८ मध्ये वेगळी नोंद केली. दिवसाचे १९ तास, जन्माआधीपासून मरेपर्यंत १.८ गिगाहर्ट्झच्या लहरी दिल्यावर सर्वाधिक, म्हणजे ५० व्होल्ट प्रति मीटरच्या गटातल्या नरांमध्ये हृदयातल्या एका विशिष्ट प्रकारच्या गाठी वाढल्या. त्या वारंवारतेला भारताची मर्यादा साधारण १८ व्होल्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन शाखेने २०११ मध्ये रेडिओ लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात टाकले, ते प्रामुख्याने कानाला लावलेल्या फोनच्या अभ्यासांवरून. टॉवरबद्दलचा पुरावा अपुरा ठरवला गेला होता. संघटनेसाठी झालेल्या २०२४च्या आढाव्यातही मनोऱ्यांमुळे मुलांचा रक्ताचा कर्करोग वाढत नसल्याचा मध्यम खात्रीचा निष्कर्ष आहे.

मग माणसाच्या वाट्याला नेमके काय येते? या प्रश्नावर सर्वांत उद्बोधक मोजणी झाली ती स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात. १६६ स्वयंसेवकांनी आठवडाभर कमरेला मीटर बांधून नित्याचे व्यवहार केले. सरासरी निघाली ०.१३ मिलिवॅट प्रति चौरस मीटर. त्यात मोबाइल टॉवरचा वाटा ३२ टक्के, मोबाइल फोनचा २९, घरातल्या बिनतारी लँडलाइनचा २३. सर्वाधिक लहरी मिळाल्या त्या रेल्वेच्या डब्यात, सरासरीच्या जवळजवळ नऊपट. धातूच्या पेटीत बसलेली माणसे आणि प्रत्येकाचा फोन पुढच्या टॉवरशी जोर लावून बोलतोय! विरार लोकलमध्ये असे मीटर बांधून पाहण्यासारखे आहे. यातला विरोधाभास टॉवरविरोधी मोर्चात कोणाला आवडत नाही: टॉवर जवळ असला की फोन आपली शक्ती उतरवतो, आणि दूर गेला की वाढवतो. ज्या सोसायटीने टॉवर घालवला, तिथल्या फोनना जास्त जोर लावावा लागतो.

जगभरातले आकडे एकत्र करण्याचा मोठा प्रयत्न रोली आणि जॉयनर यांनी २०१२ मध्ये केला. २३ देश, १,७३,००० हून अधिक वाचने, सरासरी ०.०७३ मायक्रोवॅट प्रति चौरस सेंटिमीटर. दोघेही मोबाइल उद्योगाशी संबंधित होते, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. पण वाचने बहुतांशी वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्यांतून घेतलेली होती.

ही सगळी वाचने फाइव्ह-जीच्या आधीची. १ ऑक्टोबर २०२२ ला भारतात ही सेवा सुरू झाली आणि मोजणाऱ्यांची जुनी गृहीतके डळमळली. पूर्वीची अँटेना झोत एकाच दिशेला ठेवायची. ३.३ गिगाहर्ट्झच्या वर चालणाऱ्या नव्या अँटेनात शेकडो घटक असतात. ज्याला डेटा हवा त्याच्याकडे झोत वळतो आणि काम झाले की विझतो. फोन न वापरता गच्चीत मोजले तर जवळजवळ काही दिसत नाही. शेजारच्याने सिनेमा डाउनलोड करायला घेतला की काटा उसळतो. बरेचसे स्वस्त मीटर या वारंवारतेपर्यंत पोहोचतही नाहीत. व्यावसायिक मोजणारे म्हणून अँटेनाकडून सतत निघणारा ओळख-संकेत वेगळा पकडतात आणि त्यावरून कमाल किती होऊ शकेल हे गणिताने काढतात. स्वित्झर्लंडच्या मापनशास्त्र संस्थेने २०२० मध्ये याची पद्धत जाहीर केली. आलेला आकडा तेव्हा प्रत्यक्ष हवेत नसतो. तो असू शकला असता इतकाच.

राहत्या जागांसाठी प्रत्येक केंद्रामागे चार ते सहा व्होल्टची कडक मर्यादा पाळणाऱ्या स्वित्झर्लंडमध्ये वाद याच जागी अडकला आहे. तिथल्या सरकारने २०२२ पासून वळणाऱ्या झोताच्या अँटेनांना सवलत दिली: क्षणिक शिखर मर्यादेच्या वर गेले तरी चालेल, सहा मिनिटांची सरासरी आत ठेवायची, आणि ती ठेवण्याचे काम अँटेनामधल्या स्वयंचलित नियंत्रणाचे. कंपन्यांनी आधीच्या अँटेनांवर ही सवलत नव्या परवानगीशिवाय लागू करायला सुरुवात केल्यावर रहिवासी न्यायालयात गेले. २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की असा बदल करण्यासाठी बांधकाम परवानगीची प्रक्रिया पुन्हा करावी लागेल, म्हणजे शेजाऱ्यांना हरकत घेण्याची संधी द्यावी लागेल.